तळहातावरचा थेंब

१४ मे २०१९, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. स्कॉटलंडच्या दूरच्या बेटावरील व्हिस्कीच्या दोनशे वर्षे जुन्या आसवनीत अकरा पाहुणे एका पिंपाभोवती उभे होते. "जो न चाखता मद्यार्काचे प्रमाण ओळखेल, त्याला या पिंपातला एक पेला," व्यवस्थापकाने जाहीर केले.

दिगंबरराव पुढे सरसावले. साखर कारखान्याच्या आसवनीत एकतीस वर्षे काढूनही त्यांनी एक घोटही घेतला नव्हता. लग्नात सासऱ्यांना तसा शब्द दिला होता. त्यांनी एक थेंब तळहातांवर चोळला, डोळे मिटून हुंगला आणि सांगितले, "सत्तावन्न टक्के."

मापयंत्रानेही सत्तावन्नच दाखवले. टाळ्या झाल्या, पेला हाती आला आणि दिगंबररावांनी केविलवाणेपणाने पत्नीकडे पाहिले. "कुमुद, तुझे बाबा जाऊन वीस वर्षे झाली गं."

"अहो, पण शब्द कुठे गेलाय?" म्हणत कुमुदताईंनी पेला काढून घेतला आणि एका दमात रिकामा केला. "तो तुम्ही दिला होता, मी नव्हे."

तळहात पुन्हा हुंगून दिगंबररावांनी वहीत नोंदवले: पत्नी, तीस मिलिलिटर; स्वतः, शून्य.