डाव्या हातातला कोयता

फाशीला तीन दिवस उरले असताना यशवंता कोलतेच्या कोठडीत डॉक्टर कामतबाई यंत्र घेऊन आल्या. फाशीआधी कैद्याच्या आठवणी तपासायच्या, असा नवा नियम होता.

"कशाला त्रास घेता, बाई? मामांना मीच मारलं. अजून डोळ्यांपुढे दिसतं," यशवंता म्हणाला.

यंत्राच्या पडद्यावर त्याची आठवण बघता बघता बाई थबकल्या. "या आठवणीत कोयता डाव्या हातात आहे. तू तर उजव्या हाताचा. ही आठवण तुझी नाही, कुणीतरी तुझ्या डोक्यात भरलीय. खुनाच्या सुमारास तुझ्या डोक्यावर उपचार झाले होते?"

झाले होते. मोटारसायकलवरून पडल्यावर सदादादानेच शहरातल्या दवाखान्यात नेलं होतं. दादा डावखुरा होता. पण आठ वर्षं दर महिन्याला भेटीला येऊन रडणारा सख्खा भाऊ असं करील?

दुपारी सदा जाळीपलीकडे येऊन बसला. यशवंताने एवढंच सांगितलं, "दादा, माझी फाशी थांबली."

सदा पांढराफटक पडला. "का? तुझं डोकं तपासलं काय त्यांनी?"

आठ वर्षं यशवंताने त्या खुनासाठी देवापुढे नाक घासलं होतं. तो उठला.

"हवालदारसाहेब, मला आत न्या," तो म्हणाला. "आणि यांना बाहेर सोडू नका."