दोन अँपियर

"आठशे!" पडद्यावरचा आकडा वाचून मुंझिर हसला. "बाबा, हा प्रोसेसर याच्या तिप्पट वेगाने धावतो. तुमच्या धाकट्याने त्याला आठशेवर बांधून ठेवलाय."

"काहीतरी कारण असेल रे त्याचं," वडील म्हणाले.

"कारण कसलं? काम अर्धं टाकायचं आणि विमानात बसायचं. लहानपणापासूनची खोड."

जेवणाच्या टेबलावर विटेएवढा संगणक होता. यंत्र जागं होण्यापूर्वी जिथे त्याचा स्वभाव ठरतो, त्या फर्मवेअरच्या निळ्या पानावर मुंझिर पोचला होता. धाकट्या इयादने तिथे सगळंच आखडून ठेवलं होतं. वेग किमान. गरजेला वेग वाढवण्याची सोय बंद. ग्राफिक्सच्या वाट्याला मेमरी अगदी चिमूटभर. वर कुणी हात लावू नये म्हणून पासवर्ड. लेबनॉनच्या त्रिपोलीत अशा चिमुकल्या यंत्रांना पळायला शिकवणारं म्हणून मुंझिरच्या दुकानाचं नाव होतं. त्याच्याच वडिलांचं यंत्र मात्र लंगडत होतं.

दर रविवारी चार वाजता इयाद हॅम्बुर्गहून बोलायचा. त्याची आठ महिन्यांची लेक लमार पडद्यावर तुकड्यातुकड्यांनी हसायची. नजर अधू झालेले वडील ते तुकडे जुळवत बसायचे. इयादचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "चित्र अडखळतंय का?" वडील म्हणायचे, "हो रे." त्यावर तिकडून एकच शब्द यायचा, "बरं." त्या शब्दाने मुंझिरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आजच्या रविवारी त्याने ठरवूनच स्क्रू-ड्रायव्हर आणला होता. सरकारी वीज सकाळीच गेली होती. घर गल्लीला भाड्याने वीज देणाऱ्या अबू शौकतच्या जनरेटरवर होतं, दोन अँपियरच्या जोडणीवर. त्याहून कणभर जास्त ओढलं की इमारतीच्या पायथ्याशी पेटीतला खटका पडे. म्हणून आल्या आल्या मुंझिरने फ्रीजची पिन काढली होती. आतल्या खोलीत आईचं प्राणवायूचं यंत्र घुरघुरत होतं. वर्षभरात त्या आवाजाची घराला इतकी सवय झाली होती, की तो कुणाला ऐकू येत नसे. एवढ्याशा संगणकाची भूक मोजावी, हे मुंझिरच्या मनातही आलं नाही.

त्याने झाकण उघडलं, नाण्याएवढी बॅटरी काढली आणि पुन्हा बसवली. पासवर्ड पुसला गेला. मग त्याने वेग चढवला, ग्राफिक्सला भरघोस मेमरी दिली आणि शेवटी, खास वडिलांसाठी, सगळं आणखी एक पायरी वर ढकललं. इयादने गेल्या आठवड्यात धाडलेला व्हिडिओ लावला. लमारचं हसू पाण्यासारखं वाहू लागलं.

"दात!" वडील ओरडले. "अगं ऐकलंस का, दात आलाय तिला! खालचा!"

दिवा विझला. पडदा विझला. आणि वर्षभर कुणाला ऐकू न आलेली ती घुरघुर थांबलेली सगळ्यांना ऐकू आली.

मुंझिर पाच मजले धावत उतरला. त्याने खटका वर केला आणि धापा टाकत परत आला. बाहेरच्या खोलीत दिवा लागला होता. आतून मात्र आवाज नव्हता.

आई पलंगाच्या कडेला बसली होती. नाकातली नळी काढून तिने मांडीवर नीट गुंडाळून ठेवली होती. ओठांवर जांभळट छटा चढत होती. तिचं बोट यंत्राच्या बटणावर होतं.

"पळत काय सुटलास?" ती एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "मीच बंद केलंय. माझ्या या धुडामुळेच गेली ना वीज? राहू दे तासभर. त्यांना... दात बघू दे पोरीचा."

मुंझिर तिच्या ओठांकडे पाहत राहिला. आठशे. त्या आकड्याचा उगम आता त्याला दिसला. आईचं यंत्र, एक दिवा, पडदा, आणि उरलेल्या विजेच्या थेंबात बसेल एवढाच संगणक. इयादने गणित मांडलं होतं, त्याला कुलूप लावलं होतं आणि तो गप्प राहिला होता. तो कुणालाही काही बोलला असता, तर हे बोट दर रविवारी याच बटणावर आलं असतं.

"तुझ्यामुळे कशाला जाईल?" मुंझिरने बटण दाबलं. "अबू शौकतचं जनरेटरच खोकतंय. खाली अख्खी गल्ली त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतेय."

"खरंच?"

"तुझ्या गळ्याशपथ."

नळी त्याने स्वतःच्या हातांनी तिच्या नाकाशी बसवली. ओठांवरची जांभळी छटा ओसरेपर्यंत तो तिचा हात धरून बसला. मग बाहेर येऊन त्याने निळं पान उघडलं. वेग आठशेवर आणला. मेमरी चिमूटभर ठेवली. वेग वाढवण्याची सोय बंद केली. वर पासवर्डही घातला.

"हे काय?" वडिलांचा चेहरा पडला. "पुन्हा तसंच? एवढा मोठा कारागीर तू!"

"तापत होतं, बाबा. लहान जीव आहे, झेपत नाही त्याला." स्क्रू-ड्रायव्हर खिशात टाकत तो म्हणाला, "यातलं इयादलाच जास्त कळतं."

थोरल्याच्या तोंडून हे वाक्य वडिलांनी कधी ऐकलं नव्हतं.

चार वाजले. पडद्यावर लमारचा गाल उमटला, थांबला, मग एक डोळा आला. दात कुठेच दिसेना. मागून इयादचा आवाज आला.

"चित्र अडखळतंय का?"

वडील तक्रारीसाठी तोंड उघडत होते. मुंझिरने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आतली घुरघुर एकदा नीट ऐकून घेतली. मग तो पडद्याकडे वाकला.

"हो," तो म्हणाला. "छान अडखळतंय."