शेवटच्या शब्दाआधीचा थांबा

तपकिरी हॅटवाला आजही खांबाजवळच्या टेबलावर बसला होता.

व्हर्डेलनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. समोर बियरचा एकच ग्लास. उजव्या हाताची तीन बोटं टेबलावर काहीतरी दाबत होती, सोडत होती.

"काका, तो पुन्हा आलाय."

क्लिओफस पियानोच्या स्टुलाचा स्क्रू फिरवत होता. तो तिच्या वडिलांचा जुना साथीदार. "क्लबात माणसं येणारच, पोरी. त्यावरच तर आपण जेवतो."

"सुरावट टिपतोय तो. बोटं बघा त्याची."

"बोटं काय, माझीही झोपेत चालतात."

"गेल्या वर्षीही तुम्ही असंच म्हणाला होतात."

क्लिओफसनं स्क्रूला आणखी एक फेरा दिला. एकोणीसशे चोपन्नच्या उन्हाळ्यात व्हर्डेलची पहिली रेकॉर्ड आली, आणि महिन्याच्या आत एका गोऱ्या गायिकेनं तेच गाणं पुन्हा गाऊन बाजारात आणलं. तोच ठेका, त्याच हरकती. व्हर्डेलनं घाईत चुकीच्या जागी घेतलेला श्वाससुद्धा तिथेच. सिनसिनाटीतली सगळी रेडिओ स्टेशनं ते वाजवत राहिली. व्हर्डेलचं कुणी वाजवलं नाही.

या वेळचं गाणं तिनं स्वतः रचलं होतं. ध्वनिमुद्रण शिकागोला व्हायचं होतं. कागदपत्रं त्यानंतर. कंपनीच्या माणसानं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "आधी दुसऱ्या कुणाच्या आवाजात आलं, तर आमच्याकडे येऊ नका."

म्हणून क्लबात ती ते गाणं खोटं गायची. 'दिवा विझवू नकोस, मी निघालेय घरी,' ही शेवटची ओळ तिथे ती एका दमात म्हणून टाकायची. खरं गाणं फक्त घरच्या स्वयंपाकघरात व्हायचं. तिथे 'निघालेय'नंतर ती थांबायची.

तो थांबा तिला अपघातानंच सापडला होता. सराव चालू असताना नेमकी त्या ओळीवर कॉफी उतू जायला लागली. तिनं भांडं उतरवलं आणि मगच 'घरी' म्हटलं. टेबलावर ठेका धरलेला क्लिओफसचा हात हवेतच राहिला.

"हे ठेव," तो म्हणाला. "गाणं इथेच आहे. बाकी सगळं दुसऱ्या कुणालाही जमेल."

"उतू गेलेली कॉफी आधी पुसा," आई म्हणाली. ती खिडकीशी चर्चमधल्या गाणाऱ्यांच्या पांढऱ्या झग्यांना इस्त्री करत होती. "क्लबातली गाणी माझ्या घरात कशाला? मी तर असलं काही ओठावर येऊ देत नाही."

"ओला-मे वहिनी," क्लिओफस आईला म्हणाला, "इस्त्री मात्र ठेक्यात चाललीय तुमची."

"इस्त्रीला काय कळतं?"

आई आठवड्यातून दोनदा टेकडीवरच्या एका मोठ्या घरी इस्त्रीला जायची. तिथेही गायची, पण देवाची गाणी. "साहेब म्हणतात, खोलीचं दार उघडं ठेव, ऐकायला बरं वाटतं," ती सांगायची. "स्वतः दिवसभर पियानो बडवतात, पण मी गायला लागले की थांबतात." याच साहेबांनी तिला परवा एक रेडिओ दिला होता, जवळजवळ नवाच. व्हर्डेलला त्याचं नवल वाटलं नाही. आईचा आवाज ऐकायला लोक दुसरी चर्च सोडून यायचे.

नवल तिला हॅटवाल्याचं वाटत होतं. तो दारू पीत नव्हता, टाळ्या वाजवत नव्हता, कुणाशी बोलत नव्हता. आणि नेमका तिच्या नव्या गाण्याला डोळे मिटून घ्यायचा.

त्या रात्री गाणं संपल्यावर ती सरळ त्याच्या टेबलापाशी गेली.

"कुणासाठी टिपतोस?"

त्यानं हॅट काढली. "काय टिपतो, बाई?"

"ही बोटं. काय करतायत?"

त्यानं हात मांडीवर घेतला. "ट्रम्पेट वाजवायचो पूर्वी. पुढचे दात गेले. बोटांना अजून कळलं नाही."

"छान रचलंयस. शिकागोत कुणाला विकणार होतास?"

"शिकागोत माझं कुणीच नाही."

व्हर्डेलनं दारवानाला खूण केली. हॅटवाला न भांडता उठला. दाराशी वळून त्यानं पियानोकडे एकदा पाहिलं आणि गेला. तो परत आला नाही.

"खरं बोलत असेल तो," क्लिओफस म्हणाला.

"मग का गेला निमूट?"

"आपल्यासारख्या काळ्या माणसाला बाहेर काढलं की तो निमूटच जातो. तुला माहीत नाही?"

शिकागोला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तिघं स्वयंपाकघरात होती. व्हर्डेल कपडे भरत होती. क्लिओफस आईनं भाजलेला ॲपल पाय चाखून बघत होता, म्हणजे तिसरा तुकडा खात होता. आई खिडकीशी, पाठमोरी, इस्त्री करत होती. फळीवरच्या रेडिओतला माणूस म्हणाला, "आता मार्लीन वेबचं नवं कोरं गाणं."

पहिल्या दोन सुरांतच व्हर्डेलच्या हातातला झगा खाली पडला.

"हॅटवाला," ती म्हणाली. "काका, सांगितलं होतं मी."

क्लिओफसनं काटा खाली ठेवला. गाणं तिचंच होतं. शब्द तिचे, चाल तिची. मार्लीन वेब साखरेत घोळून गात होती. शिकागो संपलं होतं.

"निदान खोटंच गेलंय," व्हर्डेल दात आवळून म्हणाली. "शेवटची ओळ ऐका आता. सरळ म्हणून टाकेल ती. क्लबात तेवढंच तर ऐकलंय त्यानं."

शेवटची ओळ आली. 'दिवा विझवू नकोस, मी निघालेय...'

रेडिओतला आवाज थांबला. कॉफीचं भांडं उतरवायला लागतो, तेवढाच वेळ.

खिडकीशी आईनं इस्त्री उचलून बाजूला ठेवली. आणि मग मार्लीन वेब आणि आई, दोघी अगदी एकाच क्षणी म्हणाल्या, 'घरी'.