काचेआडचा चॅनल

नवजात कक्षातल्या पडद्यावरून बाळाच्या ठोक्यांचा आकडा मध्येच गायब व्हायचा आणि काचेबाहेरची आई काचेला आणखी चिकटायची. "बाळ छान आहे हो, पडद्याचं वायरलेस अडखळतंय," नर्स समजावायची.

दोन दिवस शिडी घेऊन फिरणाऱ्या नेटवर्कवाल्याने आज बाहेरच्या हॉलचं वायफायच बंद केलं. काचेला फोन लावून बाबांना बाळ दाखवणाऱ्या आईचा व्हिडिओ कॉल तुटला.

"अहो दादा, होतं तेही घालवलंत?" ती त्याच्यावर तुटून पडली. तो शिडी मिटू लागला.

"बाहेरचं वायफाय आतल्या पडद्याच्याच चॅनलवर, म्हणजे त्याच लहरींवर, आदळत होतं," नर्स हसली. "आता बघा."

एकशे चाळीस, एकशे बेचाळीस... आकडा आता गायब होईना.

ती ओशाळली. "दादा, सांगायचं नाही का?"

"दोन दिवसांत पहिल्यांदाच तुमची नजर काचेवरून हटली, ताई. म्हटलं, ओरडू दे."