तोडणीच्या यादीतला चोर

चोर सापडला तर फिरोजची चांदी होती. तीन हंगाम रोजंदारीवर घासलेला कॉम्प्युटर ऑपरेटर कायम होणार, आणि जावई कायम झाला की शेखलाल आपली लेक गुलशन द्यायला मोकळा. त्यामुळं चोरानं भैरोबा साखर कारखान्याची झोप उडवली, तरी फिरोजची भूक शाबूत होती.

गट ऑफिसं इंटरनेटनं जोडल्यापासून कुणीतरी बाहेरून मशीनमध्ये शिरायचं आणि ऊसतोडणीची यादी उलटीपालटी करायचं. मांडवगणचा ऊस पुढं, पाटसकडचा मागं. शेतकरी गेटवर येऊन आयमाय काढायचे. फिरोज यादी पूर्ववत करायचा, पासवर्ड बदलायचा. आठवड्याभरात चोर पुन्हा हजर.

"दार किती येळा लावायचं, आण्णा?" तो चेअरमनना म्हणाला. "आता उघडंच ठेवू. आत खोटी यादी. तिला शिवला की कुठनं आला ते कळंल."

"म्हंजी उंदराला भजं," आण्णा हसले. "संचालकांम्होरं धर. धरलास तर तिथंच कायमची ऑर्डर."

शुक्रवारी दुपारी संचालक कॉम्प्युटर रूममध्ये दाटीवाटीनं बसले. एसीच्या गारठ्यानं ज्योतिबा आप्पांनी उपरणं कानाला गुंडाळलं.

"चोर काय आवतण दिल्यावर येतो व्हय रं?"

"हावरा हाय, आप्पा. येतोय बघा."

चहा संपायच्या आत पडद्यावर लाल ओळ उमटली. कुणीतरी आत आलं होतं. ते थेट खोट्या यादीवर गेलं आणि कुठल्याशा दगडाबाईचा, कुठंच नसलेला ऊस उचलून पहिल्या नंबरावर ठेवला.

आप्पांचा कप बशीत कलंडला. "आयला, आला की."

"दौंडचा कुठला तरी सायबर कॅफे असंल," फिरोज पडद्याकडं न बघताच म्हणाला. "सांजपर्यंत पत्ता काढतो. पर आता घाबरला. परत न्हाई यायचा."

आण्णांनी सगळ्यांसमोर ऑर्डरवर सही केली. आप्पांनी पाठीवर थाप मारली, ती फिरोजला मणक्यापर्यंत लागली आणि तरी गोड वाटली.

मोबाईल वाजला. कागद खिशात घालत तो बाहेर व्हरांड्यात आला. दौंडहून मावसभाऊ झिशान बोलत होता.

"भाई, रागावू नको. हितं सकाळपासनं लाईटच न्हाई. दर येळंला शिरतो, आज न्हाई जमलं. उद्या शिरू का?"