इंजिनाचं नाक

१९३८ साल. जऊळक्याला उकंडरावांच्या पिठाच्या गिरणीत नवं तेलाचं इंजिन बसून तिसरा महिना लागला होता. ते बसवायला अकोल्याहून आलेला सादिक मिस्त्री चार दिवसांपासून त्याच्यासमोर उकिडवा बसून होता. इंजिन सुरू व्हायचं, पण त्यात दम नव्हता. चक्कीत ज्वारी पडली की धापा टाकायचं, काळाकुट्ट धूर सोडायचं. वरून जोडाजोडांतून तेल गळायचं, घाम फुटावा तसं.

उकंडरावांची बायको चतुराबाई दारात उभी होती.

इंजिन सलग आठ दिवस बिनतक्रार चाललं की मिस्त्रीचं काम संपणार होतं, आणि तो बायकोला, मेहरबीला घेऊन अकोल्याला परत जाणार होता. गिरणी गावाबाहेर, स्टेशनच्या अंगाला. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी चतुराबाईला तिथं बोलायला कोणी नव्हतं. मेहरबी शेजारच्या खोलीत आली आणि भिंतीवरून हाका सुरू झाल्या. तिकडून शेवया यायच्या, इकडून ठेचा जायचा. दुपारी एकमेकींची वेणी घालताना दोघी इतक्या हसायच्या, की बाहेर दळण घेऊन बसलेल्या बाया माना वळवायच्या.

सातव्या दिवशी गडीमाणसं भाकरी खायला गेली, तेव्हा चतुराबाईनं जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी फाडली आणि इंजिनाच्या हवा ओढायच्या नळीत, जाळीमागे कोंबली. हवा कमी पडली की इंजिन दमतं, हे तिनं मिस्त्रीच्याच तोंडून ऐकलं होतं.

पण तेल? तेलाचं तर तो काही बोलला नव्हता. एवढ्याशा चिंधीनं इंजिनाचं रगत काढलं की काय, या भीतीनं चार दिवस तिला घास गोड लागला नव्हता.

तेवढ्यात उकंडराव तणतणत आले. "मिस्त्री, उद्याच्या मालगाडीनं हे धूड वापस जाते. अन् कंपनीले लिहून देतो, माल बी खोटा अन् माणूस बी खोटा!"

"इंजिन खोटं नाही, मालक," सादिक खाली मान घालून म्हणाला. "माह्याच ध्यानात येऊन नाही राह्यलं."

वीस वर्षं इंजिनं बसवत आलेल्या मिस्त्रीला असं बोलताना चतुराबाईनं पाहिलं आणि तिच्यानं राहवेना. "मिस्त्री, सारं खोललं तुमी. एक डाव त्याचं तोंड तं पाहा."

सादिकनं तिच्याकडे पाहिलं. मग हवेच्या नळीची जाळी काढली, दोन बोटं आत घातली आणि मूठ मिटूनच हात बाहेर काढला. "चिमणीनं घरटं केलतं, मालक."

इंजिन सुरू केलं. धूर विरला, पट्टा सणसणत फिरू लागला. पण तेल काही थांबेना.

मेहरबी चहा घेऊन आली होती. जांभळी ओढणी सावरत, कपबशी खाली ठेवता ठेवता ती पुटपुटली, "मूं देखा, तो नाक भी देख लो जी."

इंजिनाच्या पोटातली वाफ सोडायला बाजूला एक बोटभर नळी होती. ती तुंबली की कोंडलेली वाफ जोडांतून तेल बाहेर ढकलते. सादिकनं इंजिन बंद केलं, सगळ्यांकडे पाठ करून त्या नळीतून तारेनं काहीतरी ओढलं, खिशात घातलं आणि गदगदा हसत सुटला. आपलीच चिंधी तिथवर पोचली असेल, असं चतुराबाईला वाटलं.

"लई चिमण्या दिसतात बा इथं," उकंडराव म्हणाले. "तुमी गेल्यावर कोण पाहीन? राहा इथंच."

मिस्त्री राहिला. इंजिन सत्तावीस वर्षं चाललं. मग गावात वीज आली आणि ते भंगारात गेलं. उकंडराव पुढच्याच वर्षी गेले. सादिक मिस्त्री म्हातारपणी बहिरा झाला, तरी गिरणीच्या ओट्यावर रोज येऊन बसायचा, आणि एका हिवाळ्यात तोही गेला. मेहरबी त्याच्यामागे दहा वर्षं राहिली. ती गेल्यावर चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला, आणि तिची लेक सितारा एक पुरचुंडी घेऊन भिंतीपलीकडून आली. "मावशी, अम्मीच्या पेटीत तळाशी होतं. तुमालेच द्या म्हणाली होती."

चतुराबाईनं सोडून पाहिलं. आत दोन चिंध्या होत्या, एकमेकींना घट्ट गाठ मारलेल्या. एक तिच्या हिरव्या लुगड्याची. दुसरी तेलानं काळी पडलेली, जांभळ्या ओढणीची.