मागची कोण

पहिलं नाव बरोबर आलं. "केशरबाई," असं पंडितनं खिडकीतून पुकारलं. पुढचं नाव वाचायला गेला तर पडद्यावर नुसते चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं आणि दोन हसरी तोंडं.

गावच्या विकास सोसायटीच्या दारात टँकर उभा होता. त्याच्यामागं गावभरच्या घागरी. काल जिथं पाणी संपलं, तिथून आज रांग पुढं चालायची होती. सोसायटीचा गटसचिव पंडित यानं वहीतली ती रांग काल पहिल्यांदाच कॉम्प्युटरच्या सी भाषेत प्रोग्रॅम लिहून फाइलीत ठेवली होती. प्रत्येक बाईचं नाव, आणि तिच्या मागची बाई कॉम्प्युटरच्या डोक्यात कुठल्या जागेवर बसलीय तो पत्ता. काल यादी झकास चालली होती. मग त्यानं कॉम्प्युटर बंद केला.

"हे हसणारं तोंड कुणाच्या घरचं रं?" चेअरमन अर्जुनराव मागं येऊन म्हणाले. "धा मिन्टं देतो. न्हाई जमलं तर घरोघर जाऊन नवी यादी करू. मेलेली, गेलेली समदी नावं उडवू."

पंडितचे हात थांबले. त्याची बायको कौशल्या संक्रांतीला वारली होती. जुन्या वहीतलं तिचं नाव त्यानं यादीत तसंच उतरवलं होतं. चार महिने तो ते नाव पुकारत होता. पुकारताना मान वर करत नव्हता आणि लगेच पुढचं नाव घेत होता. तिचं नाव मोठ्यानं घ्यायला त्याला दुसरी जागा राहिली नव्हती.

खिडकीच्या गजाला टेकून त्याच्या घराशेजारची भिवराबाई सगळं बघत होती. "काय लिवलंतंस त्यात?"

"नाव. आन् मागची कुठं बसलीय तो पत्ता."

"पत्ता कशाला? काल टँकर देवळापाशी हुता, आज हितं हाय. कालची जागा धरून बसलो तर घागर धुळीनं भरंल. आमी जागा न्हाई ध्यानात ठेवत. माझ्या मागं कोण, एवढंच ठेवतो. मधली उठून गेली तर मागची पुढं सरकती. झालं."

पंडित तिच्याकडं बघतच राहिला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला की सगळ्यांच्या जागा नव्या. फाइलीतले पत्ते कालचे. नावं मात्र एकामागं एक, जशीच्या तशी होती. त्यानं पत्ते सोडून दिले. एकेक नाव वाचायचं, त्याला नवी जागा द्यायची आणि आधीच्या नावाच्या मागं बांधायचं, एवढंच लिहिलं. हसरी तोंडं गेली. यादी धडाधड वर आली.

"मुक्ताबाई. छबुबाई. कौशल्याबाई. भिव..."

"थांब," अर्जुनराव म्हणाले. "कौशल्या कशी हाय यात? काढ ते नाव."

"काढता येत न्हाई, चेअरमन. मधली कडी काढली की साखळी तुटती. मागची समदी नावं जात्यात."

हे धादांत खोटं होतं. मागचीला पुढचीशी जोडायला दोन ओळी पुरत होत्या. अर्जुनरावांना संशय आला. यादीत कौशल्याच्या मागं भिवराबाईच होती, म्हणून त्यांनी तिला विचारलं, "आत्ता तर तू म्हणालीस, मधली गेली की मागची सरकती?"

"ते बायकांचं," भिवराबाई म्हणाली. "मशिनीचं तुटतच आसंल."

अर्जुनराव पुटपुटत आत गेले. पंडितनं पुन्हा नाव घेतलं, "कौशल्याबाई." या खेपेला त्यानं मान वर केली. भिवराबाईनं टँकरच्या नळीखाली पितळी घागर सरकवली. घागरीवर कौशल्याचं नाव कोरलेलं होतं. ती भरली तशी बाजूला घेऊन तिनं आपली लावली.

पंडितची नजर त्या कोरलेल्या नावावरच राहिली.

"आसं काय बगतोस?" भिवराबाई म्हणाली. "चार महिने तुझा रांजण काय आपोआप भरतोय?"